सात बाविसची लोकल आणि बाबांची शतपावली

आई-बाबांना स्मार्ट बॅन्ड गिफ्ट दिला, महागातले शूज घेऊन दिले, की आपली ड्यूटी संपली असं समजणाऱ्या पिढीतली मीही एक. बाबांच्या डायबेटिसने आणि सुरूच्या बागेतल्या एका चहावाल्याने माझा हा फिटनेस फंडा पार मोडीत काढला. त्याची ही गोष्ट.

माझ्या बाबांनी आयुष्यात एक दिवसही 'व्यायाम' केला नाही. असं ते स्वतःच सांगतात, आणि तेही जरा कॉलर ताठ करून. फोर्टमधल्या बँकेत नोकरी, वसईत घर, आणि ३१ वर्षं सकाळची सात बाविसची चर्चगेट लोकल. जिम नाही, योगा नाही, मॉर्निंग वॉक तर नाहीच नाही. "ज्याला ट्रेन पकडायची असते त्याला वॉकला जावं लागत नाही," हा त्यांचा डायलॉग आमच्या बिल्डिंगमध्ये फेमस होता.

गंमत म्हणजे बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फक्त ते किती खरं होतं हे आम्हाला कळलं ती ट्रेन सुटल्यावर.

डिसेंबर २०१९ मध्ये बाबा रिटायर झाले. हार, शाल, श्रीफळ, बँकेच्या कॅन्टीनमध्ये भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. तीन महिन्यांत लॉकडाउन लागला. ट्रेन बंद, ट्रेनचा ग्रुप बंद, स्टेशनचा जिना बंद. सोफा, टीव्ही आणि आईच्या हातचं गरमागरम खाणं तेवढं चालू. डायबेटिस त्यांना पन्नाशीपासून होता, पण तो घरातल्या एखाद्या शांत भाडेकरूसारखा. महिन्याचं भाडं द्यायचं, म्हणजे एक गोळी घ्यायची, की त्याचा काही त्रास नाही. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट, सातच्या आसपास. रिटायरमेंटनंतर दीड वर्षाने तीच टेस्ट केली तर ८.९! बाबांनी रिपोर्ट उलटा करून मागची बाजू बघितली. जणू दुसरीकडे काही चांगलं छापलं असेल.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड नावाची दुसरी गोळी दिली आणि सांगितलं, "चालायला लागा."

बस, एवढं वाक्य माझ्या कानावर पडलं आणि मी कामाला लागले. मी फ्रीलान्सर. हेल्थ पेजसाठी 'दहा हजार पावलं चाला, फिट राहा' टाइपचे लेख मीच पाडलेत. माझ्यापेक्षा मोठी एक्स्पर्ट कोण? बाबांच्या मनगटावर बॅन्ड बांधला, त्याचं अॅप माझ्या फोनमध्ये घातलं आणि रोज रात्री हजेरी सुरू केली. "बाबा, आज फक्त ३,२००?" "बाबा, काल तर ५,००० होते!" बिचारे रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा भरायचे. आई म्हणायची, "अगं, टार्गेट देऊन तो बँकवाला परत कामाला लावलास की काय!"

ही दहा हजारांची भानगड आली कुठून, ते मी नंतर शोधलं. लेख लिहिताना शोधायला हवं होतं, ही माझी चूक. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची क्रेझ आली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मान्पोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा ऐकायला गोल, लक्षात राहायला सोपा, म्हणून तो जगभर चिकटला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या हजारो बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर तर फायद्याचा आलेख सपाटच झाला. म्हणजे मी माझ्या वडिलांना रात्री हॉलमध्ये पळवत होते ते एका जुन्या जाहिरातीच्या जिवावर.

"बोरिवली गेलं का?"

तो रविवार मी विसरू शकत नाही. जानेवारी २०२४. वसईत त्या दिवसांत पहाटे छान गारवा असतो, म्हणून मी बाबांना स्कूटरवर मागे बसवून सुरूच्या बागेला नेलं. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, हा आमचा समुद्रकिनारा. सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, वीकेन्डला क्रिकेट, वडापाव आणि वॉकवाली मंडळी. बाबा सकाळी उठून नेहमीप्रमाणे गोळी घेऊन मोकळे झाले होते आणि वर बिनसाखरेचा चहा. नाश्ता 'आल्यावर करू' हे माझं प्लॅनिंग. चपला त्यांनी काढून हातात घेतल्या होत्या, कारण वाळूत अनवाणी चाललं की शुगर उतरते असं त्यांना कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं.

एक तास झाला. बाबा म्हणाले, "बस आता." मी बॅन्ड बघितला आणि म्हटलं, "अजून दोन हजार बाकी आहेत, चला ना!"

थोड्या वेळाने ते एकदम चिडले. माझे बाबा चिडणाऱ्यातले नाहीत. "मागे लागू नकोस सारखी!" मला वाटलं, कंटाळले. मग ते वाळूतच बसले आणि समुद्राकडे बघत अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बोरिवली गेलं का?"

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, ट्रेनचा जुना जोक मारतायत. मग त्यांचा शर्ट दिसला. जानेवारीच्या गारव्यात तो पाठीला घामाने चिकटला होता. हात धरला तर थंडगार, आणि बोटं थरथरत होती.

मी फोन काढून कोणाला लावावा या विचारात असतानाच एक चहावाला धावत आला. त्याने बाबांकडे एकदाच बघितलं आणि मला विचारलं, "काकांना शुगर आहे ना?" मी मान हलवली. त्याने साखरेच्या डब्यातून तीन चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "हळूहळू प्या, काका." दहा-पंधरा मिनिटांत बाबा माणसात आले. पहिलं वाक्य काय, तर "ह्याचे पैसे दिलेस का?"

चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. त्याच्या आईलाही शुगर होती, असं त्याने सांगितलं. त्या 'होती'नंतर मी पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना सोडलं आणि मला धरलं. त्यांनी सांगितलं ते असं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यात स्नायू चालायला लागले की तेही रक्तातली साखर ओढून घेतात. दोन्हीकडून उपसा आणि आवक शून्य. साखर ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. वय झालेल्या माणसात पुष्कळदा आधी दिसते ती चिडचिड आणि बोलण्यातला गोंधळ. घरच्यांना वाटतं, म्हातारा हट्टीपणा करतोय. बीपीच्या काही गोळ्या तर धडधड आणि थरथर झाकूनच टाकतात, घाम तेवढा उरतो. चहावाल्याने जे केलं ते पुस्तकातलंच होतं. साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, द्यायची. पंधरा मिनिटं थांबायचं, गरज लागली तर परत द्यायची आणि मग काहीतरी खायला घालायचं. बिस्किट किंवा चॉकलेटने सुरुवात करायची नाही, ते हळू चढतं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. आणखी एक, जास्त चालणं झालं असेल तर त्याचा परिणाम दिवसभर आणि पुढच्या रात्रीपर्यंतही राहू शकतो. सकाळी सगळं ठीक म्हणून रात्री बेफिकीर राहायचं नाही.

मग त्यांनी बाबांना चपला काढायला लावल्या. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून 'लागलं' सांगायला लावलं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बाबांना तो लागलाच नाही. तंतू वाकला तरी बाबा गप्प. तिथली जाणीव कमी झाली होती आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. म्हणजे सुरूच्या बागेत त्या अनवाणी पायात शिंपला घुसला असता तरी त्यांना कळलं नसतं. मधुमेहात पाय जातो तो पुष्कळदा अशाच न दुखलेल्या जखमेतून. तेव्हापासून वाळूतसुद्धा बूट आणि मोजे. रोज रात्री आई टॉर्च घेऊन त्यांचे तळवे बघते. जीवदानीला नवस फेडायला अनवाणी चढणाऱ्या काका-काकूंना बघून आता माझ्याच पोटात गोळा येतो. हजारावर पायऱ्या, दुपारी तापलेला दगड, आणि तळव्याला जाणीव असेल की नाही कोण जाणे.

ट्रेन नेमकं काय करत होती?

त्या आठवड्यात मी कागदावर बाबांचा जुना दिवस मांडला. घर ते वसईरोड स्टेशन, चालत वीस मिनिटं. चर्चगेट ते बँक, पंधरा मिनिटं. संध्याकाळी तेच उलट. झाली सत्तर मिनिटं. वर ब्रिजचे जिने आणि आमचा लिफ्ट नसलेला तिसरा मजला. आठवड्याचे पाच दिवस धरले तरी साडेतीनशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगतेय, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करा. बाबा ३१ वर्षं त्याहून जास्त करत होते, तेही ब्रीफकेस घेऊन! शिवाय गर्दीत एका हाताने कडी धरून तोल सांभाळत उभं राहणं वेगळंच. आणि रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं शून्यावर. कुठल्याही गोळीचा डोस असा एका दिवसात बंद केला असता तर घरात हाहाकार झाला असता. व्यायामाचा बंद झाला तेव्हा आम्ही शाल पांघरून फोटो काढले.

काम करता-करता होणाऱ्या हालचालीची ताकद लंडनच्या बसने जगाला दाखवली, हे किती जणांना ठाऊक आहे? जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये एक अभ्यास छापला. लंडनच्या डबलडेकरमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर त्याने तपासले. डेपो तोच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. आमच्या विरार लोकलचा असा अभ्यास कोणी केला, तर मी स्वतः वही घेऊन ब्रिजवर उभी राहायला तयार आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाबा जाड असतील. अजिबात नाही! पॅन्टची साइज कॉलेजपासून तीच, असं आई कौतुकाने सांगते. इथे पुण्याच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगायलाच हवी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा चक्क शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे दोघेही कागदावर एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार आणि स्नायू कमी. यालाच 'थिन-फॅट' इंडियन म्हणतात. जेवणातून आलेली साखर साठवणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. ते हलले की इन्शुलिनची फार वाट न बघताही साखर आत घेतात. वयाबरोबर हे गोदाम आपोआप लहान होत जातं, आणि सोफ्यावर बसलं की आणखी भराभर. आपलं तर मुळातच लहान.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर आमची आईही आहे. तिच्याकडे येतेच.

शंभर पावलं

डॉक्टरांनी गोळीची वेळ नाश्त्याला जोडली, डोस कमी केला आणि चालणं दिवसात वाटून दिलं. सकाळी नाश्ता झाल्यावर थोडं, दुपारी जेवणानंतर थोडं, आणि रात्री जेवून उठलं की दहा-पंधरा मिनिटं. मी म्हटलं, एवढंच? डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आजोबांना विचारलं असतंत तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. शतपावली."

शतपावली! आजोबा जेवून उठले की लुंगी सावरत अंगणात फेऱ्या मारायचे आणि आम्ही नातवंडं त्यांच्यामागे नक्कल करत चालायचो. मला ते पचनासाठी वाटायचं. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात साठीच्या पुढच्या, साखर वाढू लागलेल्या लोकांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालवलं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर सलग ४५ मिनिटं चालण्यापेक्षा या तुकड्यांनी चांगली आवरली. २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये टाइप-टू डायबेटिसवाल्यांना दोन गट न करता, दोन्ही प्रकारे चालवून बघितलं. एकदा दिवसातून केव्हाही तीस मिनिटं, एकदा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. जेवणानंतरची साखर दुसऱ्या प्रकारात सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. कारण उघड आहे. साखर रक्तात चढत असते नेमकी त्याच वेळी स्नायूंचं दार उघडलं जातं. पोटात अन्न असल्याने सुरूच्या बागेतल्यासारखा प्रकार होण्याची भीतीही कमी.

मी बॅन्ड बाबांच्या मनगटावरून काढला. म्हणजे माझ्या फोनमधलं अॅप काढलं. बॅन्ड ते अजून घालतात, वेळ बघायला.

चौथी सीट

पण एकट्याने शतपावली किती दिवस घालणार? दोन आठवड्यांत बाबा कंटाळले. ते पुन्हा रुळावर आले ते ट्रेनमुळेच.

एका लग्नात त्यांना सात बाविसच्या डब्यातले दोघे भेटले. एक नालासोपाऱ्याचे, आता मुलाकडे वसईत. दुसरे इथलेच. तिघेही रिटायर, तिघांनाही शुगर, आणि तिघेही घरात 'काय करायचं दिवसभर' या प्रश्नाने हैराण. आता ही मंडळी संध्याकाळी दिवाणमानच्या तलावाकडे चालायला जातात. तिघांचे सहा झालेत. नियम सगळे डब्यातले. वेळ म्हणजे वेळ, दोन मिनिटं उशीर झाला तर गाडी सुटली. बाकावर बसायचं तर चौथ्याला सरकून जागा द्यायची. कोणी दोन दिवस आला नाही तर घरी फोन जातो. त्यांच्यातले एक काका डब्यातल्या भजनी मंडळात होते. डॉक्टर सांगतात, चालताना बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, तो वेग योग्य. त्यामुळे काकांनी अभंग धरला की बाकीचे ओरडतात, "अहो, स्लो झालो, स्लो! वेग वाढवा!"

बाबांच्या खिशात अजूनही रेल्वे पासचं ते जुनं प्लॅस्टिकचं कव्हर असतं. त्यात पासच्या जागी आता एक कार्ड आहे. नाव, घरचा नंबर, 'डायबेटिस आहे', चालू गोळ्यांची नावं. आणि बाजूच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरची पुडी. ही आयडिया त्यांची. मला सुचली नव्हती.

डिसेंबरात आमच्याकडे महापौर मॅरेथॉन होते, २०११ पासून. गँगला आता तिचीही खुमखुमी आली होती. त्यातल्या एकाने फॉर्म भरायचं ठरवलं, पण डॉक्टरांनी आधी हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी करायला लावली. बरोबरच आहे. मधुमेहात हृदयाचं दुखणं छातीत न दुखताही असू शकतं, आणि डोळ्यांचा पडदा नाजूक झाला असेल तर जोर लावून वजन उचलणं महागात पडतं. काका सध्या रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या गटात आहेत. रुसलेत थोडे.

आईचा ओटा

आता आई. तिला 'व्यायाम कर' म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मी काय दिवसभर बसून असते का?" मी तिच्याशी वाद घालणार नाही. बाबांची सात बाविस सुटायची तेव्हा ती साडेचारपासून उभी असायची. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या वसईच्या बायकांना तर 'व्यायाम करा' म्हणायची माझी हिंमतच नाही.

पण एका संध्याकाळी गंमत म्हणून मी तिची टेस्ट घेतली. खुर्चीत बसायचं, हात छातीवर घ्यायचे, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला किमान बारा वेळा जमायला हवं. आई बासष्टची. तिला जमलं आठ वेळा. नवव्यांदा तिने खुर्चीचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दिवसभर उभं राहणं वेगळं आणि मांड्यांत जोर असणं वेगळं, हे तिला तेव्हा पटलं. आणि मलाही. ओट्याशी उभं राहून गुडघे दुखतात, पण स्नायू वाढत नाहीत. २००२ मध्ये अमेरिकेत सरासरी ६६ वर्षांच्या मधुमेहींना सोळा आठवडे देखरेखीखाली वजनं उचलायला लावली होती. त्यांचा एचबीएवनसी ८.७ वरून ७.६ वर आला. बऱ्याच जणांच्या औषधांचे डोसही कमी झाले. हे ऐकून आई म्हणाली, "मी काय आता डंबेल्स उचलू?"

डंबेल्स नाहीत. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या. भिंतीला हात टेकून उभ्या-उभ्या दंड. मालिकेच्या ब्रेकमध्ये खुर्चीतून दहा वेळा उठणं. आणि दूध तापेपर्यंत ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. हा शेवटचा प्रकार तोल सांभाळण्यासाठी. या वयात पडणं म्हणजे काय, ते माझ्या मावशीच्या खुब्याने घराला दाखवलंय. दूध दोनदा उतू गेलं, पण चार महिन्यांत आई तेरावर आली. रात्रीच्या शतपावलीला तीही बाबांबरोबर उतरते आता. पूर्वी तिचं रात्री साडेनऊला बाहेर पडणं म्हणजे फक्त गणपतीत.

पावसाळ्यात सगळी पंचाईत. ज्यांनी जुलै २०१८ मध्ये इथे रुळांवर पाणी आणि दिवसचे दिवस अडकलेल्या गाड्या बघितल्यात, त्यांना वसईचा पाऊस समजवायला नको. तेव्हा यांची शतपावली आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये चालते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावलं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजीही दार उघडून सामील होतात. त्यांचा मुलगा बेंगळुरूला आहे. तो रोज रात्री फोन करून विचारतो, "आई, आज चाललीस का?" आजी त्याला सांगतात, हो. आणि फोन ठेवून आम्हाला सांगतात, "हा विचारतो, पण सोबत काही येत नाही."

हे वाक्य मला लागलं, कारण मी अगदी तेच करत होते. फक्त माझ्याकडे त्यासाठी अॅप होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा तुमच्यापासून लांब असतील, ऑफिस बीकेसीला नाहीतर हिंजवडीला असेल, मला कळतं. पण पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा त्यांच्या गोळ्यांची नावं वाचा. त्यातली कुठली साखर एकदम खाली आणू शकते, ते डॉक्टरांना विचारा. त्यांचे तळवे बघा. आणि रात्री जेवल्यावर त्यांच्याबरोबर खाली उतरा, फोन वरच ठेवून.

बाबांचा एचबीएवनसी आता ७.३ आहे. त्यांच्या वयाला डॉक्टरांना तेवढा पुरतो. त्याहून खाली ओढायच्या नादात साखर पुन्हा घसरायला नको, असं त्यांचं म्हणणं. अंगठ्याखालची जाणीव काही परत आली नाही. ती येईल असं डॉक्टर म्हणतही नाहीत.

परवा लोअर परळहून एक मीटिंग संपवून मी उशिराची विरार पकडली. अंधेरीपासून दारात लटकत, मग मीरा रोडला आत सरकत वसईला उतरले तेव्हा पावणेदहा झाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आई-बाबा शतपावली घालत येताना दिसले. बाबांच्या पायात बूट, आईच्या हातात टॉर्च. मला बघून बाबांनी मनगटावरच्या बॅन्डकडे नजर टाकली.

"बारा मिनिटं लेट," ते म्हणाले. "चल, एक राउंड मार आमच्याबरोबर. नाहीतरी दिवसभर बसूनच असशील."